बाह्या पाहणारे मास्टर

जठारपेठेतल्या त्या शिंप्याला आम्ही सगळे मास्टरच म्हणायचो. नवा सिनेमा लागला की ते पहिल्या खेळाला बसत आणि हिरोची कॉलर, खिसे तिकिटामागे पेन्सिलीने उतरवून घेत. दुसऱ्या दिवशी तसाच शर्ट दुकानाबाहेर टांगलेला असे, आणि आम्ही कॉलेजची पोरं मापं द्यायला गर्दी करायचो.

"पिक्चर कसा आहे, मास्टर?" मी एकदा विचारलं.

"काय मालूम? मी तं बाह्या पाहून राहिलो होतो."

परवा, कित्येक वर्षांनी, बटण लावायला त्यांच्याकडे गेलो. अंगात ऑनलाइन मागवलेला, नव्या सिनेमातल्यासारखा शर्ट होता. दुकानात आता फक्त उसवलेले कपडे पडले होते. मास्टरांनी माझी कॉलर उलटून पाहिली.

"कोन्या टाकीजले लागला हा?"

"टाकीजला नाही, मोबाइलवर आला."

बटण लावून त्यांनी दातांनी दोरा तोडला. मग टेप न लावताच म्हणाले, "तुमच्या खांद्याले हा दोन बोटं ढिला हाय."

माझं माप त्यांना अजून पाठ होतं. त्यांचं नाव मी त्या दिवशीही विचारलं नाही.