अक्काच्या जांभळ्या पापण्या

अक्का लातूरला माझ्याकडे आली तेव्हा दारातच मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. दोन्ही पापण्या जांभळ्या पडल्या होत्या. मनात नको ते आलं. दाजी बाहेर रिक्षावाल्याशी बोलत होते, तेवढ्यात तिला आत ओढून मी विचारलं, "हात उचलला का त्यांनी?"

"काहीतरीच तुझं. ऊन बाधलं. सोयाबीन काढून राहिलो होतो न्हवं आम्ही."

अक्का माझी थोरली बहीण, उदगीरजवळच्या गावात दिलेली. कामाला कधी मागं न सरणारी. दुसऱ्या दिवशी सकाळी ती फणी घेऊन माझ्यापुढे बसली. "जरा वेणी घाल गं. हातच वर होईनात." अंघोळ झाल्यावर तिला पाटावरून उठता येईना. मी काखेत हात घालून उठवलं, तर सगळं वजन माझ्या अंगावर आलं.

कातडीच्या डॉक्टरकडे नेलं. बाई तरुण होत्या. त्यांनी पापण्या बघितल्या, बोटांच्या सांध्यांवरचे लाल चट्टे बघितले, हात न टेकता खुर्चीतून उठायला सांगितलं. अक्काला जमलं नाही. मग एकदम विचारलं, "पोट फुगल्यासारखं वाटतं का? दोन घासांतच भरतं?"

"हाव. ते तर लई दिवसाचं हाय."

बाईंनी रक्त तपासायला आणि पोटाची सोनोग्राफी करायला सांगितलं. अक्का गोंधळली. "डाग तोंडाला, अन् पोट कशाला बघून राहिल्या म्याडम?"

"मावशी, रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात आपल्या अंगात. आत कुठे गाठ झाली तर त्या तिच्यावर उठतात. पण कधी कधी नेम चुकतो, आणि आपलेच स्नायू, आपलीच कातडी त्यांना शत्रू वाटायला लागते. दर वेळी गाठ असतेच असं नाही. पण अंडाशय बघितल्याशिवाय मी सोडणार नाही."

गाठ निघाली. डाव्या अंडाशयावर. पोटात पाणी झालं होतं, आणि त्या पाण्यात कॅन्सरच्या पेशी सापडल्या.

कॅन्सरच्या डॉक्टरांनी तिला भरती करून आधी स्टिरॉइडच्या गोळ्या चालू केल्या. प्रतिकारशक्ती दाबायला, म्हणाले. प्रतिकारशक्ती वाढवा, एवढंच आजवर ऐकलेलं.

"तीच दाबली तर गाठीला अडवणार कोण?" मी विचारलं.

"तिनं अडवून बघितलं," ते म्हणाले. "गाठीनं तिला गुंगारा दिला. आजूबाजूच्या काही पेशी तर आपल्याच बाजूला वळवून घेतल्या. आता ती प्रतिकारशक्तीच तुमच्या बहिणीचे स्नायू खातेय. गाठीचं आम्ही बघतो."

पटलं मला. तरी तिच्या हातावर गोळी ठेवताना वाटायचं, आपणच दार उघडून देतोय.

त्यातच एका दुपारी वॉर्डात चहा पिताना तिला ठसका लागला आणि चहा नाकातून आला. गिळायच्या स्नायूंपर्यंत दुखणं पोचलं होतं. ती श्वासासाठी तडफडत होती, मला धरायला बघत होती, पण हात माझ्यापर्यंत उचलला जात नव्हता. नर्सनं तिला पुढे वाकवून सावरलं. दाजी दारातच उभे होते. त्यांचा पाय आत पडेना. त्या दिवसापासून अक्का पाणी प्यायला लागली की मी श्वास धरून बसायचे.

पुढे ऑपरेशन झालं, केमो झाली. गोळ्या हळूहळू कमी होत गेल्या. एकदा पंख्याच्या वाऱ्यानं डोक्यावरचा पदर सरकला, तर तिनं तो स्वतःच वर घेतला. मी बघितलं. बोलले तर नजर लागेल असं वाटलं.

आज ती गावी आहे, तपासणीला येत असते. डॉक्टर म्हणतात सध्या ठीक आहे. 'सध्या' हा शब्द मला झोपू देत नाही.

सख्ख्या बहिणीनंही तपासून घ्यावं, असं त्यांनी सांगितलं होतं. मी टाळत होते. शेवटी गेले. टेबलावर पडले, पोटावरून ते गार यंत्र फिरत राहिलं, आणि सोनोग्राफीच्या डॉक्टरबाई एकाच जागी थांबून बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. मला नळावरची, बसमधली, चुलीपुढची अक्का दिसायला लागली, धडधाकट, आणि पोटात गाठ घेऊन हिंडणारी. "काही नाही," बाई म्हणाल्या. "पण पुढच्या वर्षी परत या."

बाहेर येऊन अक्काला फोन लावला. ती म्हणाली, "खरं सांगून राहिलीस न्हवं?"

मी तिला रिपोर्ट वाचून दाखवला. ती म्हणाली, "पुन्हा वाच."