तुर्कस्तानातला तो फोटो आज टाकू नका

साळवे सर आज पहाटे गेले. आणि सकाळपासून कॉलेजच्या ग्रुपवर जे चाललंय ते बघून माझं डोकं फिरलंय.

सगळे एकच फोटो टाकतायत. जमिनीवर अंथरलेलं कापड, मधे मोठी परात, भोवती आम्ही लेझीमच्या मुली, तिथली माणसं, आणि हसणारे सर.

खाली संस्थेच्या अध्यक्षांची कॉमेंट. ‘संस्थेचं नाव सातासमुद्रापार नेणारा हिरा हरपला.’

हिरा.

मग आता सांगतेच.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी एसवायला होते. साळवे सर आमचे पीटीचे सर. त्यांनी बसवलेल्या लेझीम पथकाला तुर्कस्तानातल्या एका लहानशा गावाचं बोलावणं आलं. तिथं लोकनृत्यांचा मेळा असायचा. आमच्यापैकी बहुतेकींनी तोवर मुंबईसुद्धा बघितली नव्हती.

गाव म्हणजे आपल्या तालुक्याच्या गावाएवढं. भोवती डोंगर. दुपारी इतकं शांत की चहाच्या ग्लासात चमचा ढवळल्याचा आवाज यायचा. चौकात झाडाखाली म्हातारे बसलेले. आम्ही दिसलो की उठून छातीवर हात ठेवायचे.

आमची सोय गावातल्या घरांमधे होती. मी आणि संगीता हातिजे नावाच्या आजीकडे. संगीताचं घर माळकरी. ती विमानातच रडत होती, तिथं खायचं काय म्हणून.

सरांनी उतरल्या उतरल्या दोन शब्द पाठ केले. ‘एत योक.’ म्हणजे मांस नाही.

रोज संध्याकाळी ते प्रत्येक घरी जायचे. दारात बूट काढायचे, थेट चुलीपाशी. पातेल्यात डोकावून म्हणायचे, “एत योक?” आजी हसून म्हणायची, “योक, योक.” त्याशिवाय सर हलायचे नाहीत.

काय जेवलो आम्ही तिथं. गव्हाच्या भरडीचा मोकळा भात. दह्यातली वांगी. ताक तर अगदी आपलंच. आजी लांब काठीसारख्या लाटण्यानं कागदासारखी पातळ पोळी लाटायची, आत पालेभाजी भरून उलट्या तव्यावर टाकायची. संगीता म्हणाली, “अगं, हे तर मांडेच.” द्राक्षाची काकवी वाढली तेव्हा तर ती पहिल्यांदा मनापासून हसली.

आम्ही सोबतच्या बेसनाचं पिठलं केलं. आजीनं दोनदा मागून घेतलं.

शेवटच्या दिवशी चौकात लेझीम झाली. नंतर तिथले बाप्ये एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून नाचायला लागले, त्यांनी सरांनाही ओढलं. मग सगळ्यांचं एकत्र जेवण. त्या परातीत सुद्धा मांस नव्हतं. आमच्यासाठी.

तो हा फोटो.

परत आलो. कुणीतरी तो फोटो नोटीस बोर्डावर लावला. आणि आठ दिवसांत तालुकाभर झालं की पोरी मुसलमानांच्या ताटात जेवल्या, परक्या बाप्यांच्या मांडीला मांडी लावून बसल्या. काय काय खाल्लं देव जाणे.

संस्थेत बैठक झाली. आम्हा मुलींनाही उभं केलं. मी सगळं सांगितलं. पातेल्यांपर्यंत सगळं. कुणी मान वर करून बघितलं नाही.

अध्यक्ष, तेव्हाही हेच, सरांना म्हणाले, “साळवे, तुमच्यात चालत असंल कुनाच्याबी ताटात. आमच्या पोरी कशाला बाटवल्या?”

‘तुमच्यात.’ ज्यांना कळायचं त्यांना कळलं. सर बौद्ध होते.

सर एवढंच म्हणाले, “साहेब, त्या लोकांनी मला माझी जात विचारली नाही. तुम्ही रोज विचारता.”

पथक बंद. सरांची बदली पाथर्डीकडच्या शाखेत. रिटायर होईपर्यंत तिथंच. पुन्हा पथक कधीच मिळालं नाही.

संगीताला घरच्यांनी गोमूत्र पाजलं. जिनं मांसाचा कण तोंडात घातला नव्हता तिला. महिन्याभरात लग्न उरकलं. ती परत कॉलेजला आली नाही.

माझंही कॉलेज बंदच झालं होतं. पाथर्डीला जाण्याआधी सर त्यांची एम-एटी गाडी घेऊन आमच्या वस्तीवर आले. वडील ओट्यावर बसलेले. या म्हणाले नाहीत.

सर उभ्यानंच बोलले. “दादा, तुमच्या पोरीकडं तिथं कुणी वाकड्या नजरेनं पाहिलं नाही. याची जबाबदारी माझी. मला जी शिक्षा व्हायची ती झाली. तिला कशाची देताय?”

वडील म्हणाले, “आमाला गावात ऱ्हायचंय सर.”

तेवढ्यात आई चहा घेऊन बाहेर आली. घरातल्या कपात. आधी सरांच्या हातात दिला, मग वडिलांना म्हणाली, “आपली पोर सांगती ते खोटं आन् गाव सांगतंय ते खरं व्हय? जाऊ द्या तिला.”

सोमवारी मला एसटीत बसवायला वडीलच आले.

मी शिकले. नोकरीला लागले. माझ्या दोन्ही मुली शिकल्या. हे सरांनी केलं, संस्थेनं नाही.

दरवर्षी सरांना फोन करायचे. त्यांनी कधी कुणाला शिवी दिली नाही. एकदाच म्हणाले, “संगीताचं वाईट वाटतं गं. फार छान लेझीम खेळायची.”

उद्या संस्थेत शोकसभा आहे म्हणे. अध्यक्ष बोलणार आहेत, माझंही नाव वक्त्यांत टाकलंय. काढून टाका. ज्यांनी त्या माणसाचं पथक काढून घेतलं त्यांच्या शेजारी मी दोन मिनिटंसुद्धा उभी राहणार नाही.

मी आज दुपारीच सरांच्या घरी जाऊन आले. संगीताही आली होती, नातवाला कडेवर घेऊन. ती सरांच्या पायांशी बसली आणि खूप वेळ बसून राहिली.

सर, तुम्हाला आयुष्यभर ‘नमस्कार सर’ म्हणत आले. आमच्या घरात दुसरं काही म्हणायची सवय नव्हती.

आज म्हणते.

जय भीम, सर.