गोदावरीचा चेला

जालन्याच्या एका महाविद्यालयानं ‘माझी चित्रकला’ या विषयावर बोलायला बोलावलं, तेव्हा मी लगेच हो म्हणालो आणि मग महिनाभर घरच्यांना छळलं. ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट. औरंगाबादला माझं एक प्रदर्शन होऊन गेलं होतं. तिथं दोन चित्रं विकली गेली आणि माझी मान जी ताठ झाली ती ताठच राहिली.

भाषण आरशासमोर पाठ केलं. त्यातलं लाडकं वाक्य होतं: ‘मला गुरू नाही. मी गोदावरीकडून शिकलो.’ यानंतर चष्मा काढून खिडकीकडे पाहायचं, हेही ठरलं होतं. घरात चष्मा काढला की मला खिडकीच दिसत नसे, ती गोष्ट वेगळी.

बायको पोळ्या लाटता लाटता म्हणाली, “उस्तादांचं नाव न्हाई आलं ह्यात.”

उस्ताद म्हणजे शहागडला हायवेवर ट्रक रंगवणारे म्हातारे. सात वर्षं त्यांच्या हाताखाली मी ट्रकच्या मागच्या फळ्यांवर, फाळक्यांवर, मोर आणि गाई काढल्या. माझ्या गाईला कायम पाच पाय आहेत असं वाटायचं. ते शिव्या देत एक पाय पुसायचे. पण ट्रकवाल्याचा चेला म्हटल्यावर प्राध्यापक लोक काय म्हणतील? बायकोला मी सांगितलं, तुला कलेतलं कळत नाही.

आणि मग भाषणाचा सराव करायला मी कुणाकडे गेलो? उस्तादांकडेच. मन लावून ऐकणारा दुसरा कुणी नव्हता. त्यांचे हात थरथरायला लागल्यापासून काम बंद होतं. गॅरेजपुढे बाजेवर बसून असायचे. जालन्यात भाषण आहे म्हटल्यावर त्यांनी आधी टोपी सारखी केली. आपलं नाव चार शिकलेल्या माणसांसमोर निघणार, एवढ्यासाठी ते हात मांडीखाली दाबून ऐकत होते. ते मला दिसत होतं. गोदावरीचं ते वाक्य गाळायचं हेही मी मनाशी ठरवलं होतं. पण महिनाभर घोटलेली जीभ, ती थांबते कशाला? वाक्य निघालं. वर मी चष्माही काढला.

उस्तादांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. शेजारी टायर काढणारे दोघं मात्र हसले.

“मंग गोदामाईनं ब्रश कसा धराया शिकिवला रे?” उस्तादांनी विचारलं.

मी कागद उलटेपालटे केले. खोडतो म्हणालो.

“खोडू नको. बराबर हाय. माहं नाव घेशील तर लोकं माहे हात बघाया येतेल.” मग म्हणाले, “मी येऊ का ऐकाया? मागं बसंन.”

एसटीत धक्के लागतील, तिथं जिने फार आहेत, असं मी सांगितलं. सभागृह तळमजल्यावर होतं.

खोडायची परवानगी मीच मागितली होती आणि ती मिळाली नाही, याचं मला परतीच्या वाटेवर इतकं बरं वाटलं की मी गुणगुणत गेलो. जालन्यात ते वाक्य आलं, तेव्हा टाळ्या पडल्या. म्हणून मी ते पुन्हा एकदा वाचलं.