खवल्या मांजराचे नातेवाईक

तलासरीजवळच्या आश्रमशाळेत मी विज्ञान शिकवते. त्या सकाळी नववीला सांगत होते, मुंगीखाऊ आणि आपलं खवल्या मांजर, दोघांनाही दात नाहीत, दोघांची जीभ लांब, म्हणून जुन्या शास्त्रज्ञांनी त्यांना एकाच गटात कोंबलं. ती चूक होती. मुंगीखाऊचे जवळचे म्हणजे स्लॉथ आणि आर्माडिलो, तिकडे दक्षिण अमेरिकेत. खवल्याचं नातं कुत्र्यामांजरांच्या बाजूचं. "नुसत्या दिसण्यावर जाऊ नका," असंही वर ऐकवलं. ऐकवायची मला खोडच आहे.

मधल्या सुट्टीत स्वयंपाकाच्या मावशी टोपली घेऊन आल्या. त्यांच्या पाड्यावर शौचालयासाठी खणलेल्या खड्ड्यात खवल्या पडला होता. अंगावरच्या खवल्यांसाठी त्याला कुणी मारू नये म्हणून त्यांनी तो थेट माझ्याकडे आणला. मी वन खात्याला फोन केला. गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होती.

"बाई, वारुळापाशी सोडूं का? उधई खाल तो."

वाळवी त्याने खाल्लीही असती, पण मी नको म्हटलं. कुणाच्या तरी हाती लागला असता. मग त्याला काय भरवायचं ते मोबाइलवर शोधलं आणि अंडं, खिमा, दूध एकत्र घोटलं. मावशींनी त्याला धरलं, मी चमच्याने भरवलं. दोन घोट गेले असतील. तिसऱ्याला त्याच्या नाकातून दूध आलं.

हात पुसताना मोबाइलकडे पुन्हा लक्ष गेलं. प्राणिसंग्रहालयातल्या मुंगीखाऊंचं जेवण होतं ते. घाईत मी सारखा दिसणारा प्राणी पाहिला आणि त्याचं ताट याच्यापुढे मांडलं. मावशींनी वारूळ फोडून उधई आणली, पण तो वेटोळं सोडीना. श्वास घरघरत होता. त्याचा वर्ग, गण, कुळ मला तोंडपाठ; छातीत गेलेलं दूध कसं काढायचं, ते ठाऊक नव्हतं. वन खात्याला पुन्हा फोन लावला, तर तिथल्या माणसाने "हलवू नका" एवढंच सांगितलं. मी टोपलीपाशी नुसती बसून राहिले. मला स्वतःची चीड येत होती आणि रडूही. दिवस मावळायच्या आत तो गेला.

सकाळी गाडी आली आणि मेलेला खवल्या घेऊन गेली. खड्ड्यात पडून आत मार लागला असेल, असं मावशी त्यांना सांगत होत्या. मी मध्ये बोलले नाही. गाडी गेल्यावर त्या माझा हात धरून म्हणाल्या, "बरा झाला, बाई. जाताना तुमच्या हातचा दूध तरी पोटात गेला."