टाकीजवळचा उपदेश

आमच्या वाडीत मोबाइलला रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ मिळते. निवृत्त नर्स मेरीकाकू चर्चमध्ये पाळक, म्हणजे धर्मगुरू, होण्याचा घरबसल्या अभ्यास करतात. परवा सकाळी त्या टाकीजवळ उभं राहून परीक्षेचा उपदेश शहरातल्या त्यांच्या सरांना फोनवर ऐकवत होत्या. उपदेशातल्या गोष्टीत नव्व्याण्णव मेंढरं सोडून मेंढपाळ हरवलेल्या एका मेंढराच्या शोधात निघाला आणि तेवढ्यात फोन कट झाला. काकूंचा चेहरा पडला.

पाणी भरणारी सखूबाई धनगरीण म्हणाली, "पुढं सांगा की काकू. आमचा माणूसबी असाच जातो. सापडलं का ते?"

काकूंनी पुढचं आम्हा बायकांनाच सांगितलं. हंडे भरून वाहू लागले तरी कोणी हललं नाही. शिकवणारा कितीही लांब असो, ऐकणारी माणसं अशी शेजारीच असतात, हे पाहून मला बरं वाटलं.

तासाभराने सरांचा फोन आला. "उपदेश अर्धाच राहिला ना?"

"नाही सर," काकू म्हणाल्या, "पूर्ण झाला. फक्त तुमचंच ऐकायचं राहिलंय."