उरणची पिणारी मोटार

रोज एकाच मोटारीत तीच माणसं बसली की किस्से पाटीतल्या बोंबलांसारखे साठतात. एक उचलायला जावं, तर निघतात चार! उरण-पनवेल सर्व्हिस मोटारीवर मी तिकिटं फाडायचो, तेव्हाचे हे.

आमचं पेट्रोल मुंबईहून शिडाच्या मचव्याने यायचं. वारा पडला की मोटार ठप्प! तिकडे घाटावरच्या नव्या कारखान्यांत साखर काढून उरलेली काळी मळी कुणी फुकट नेत नव्हतं. उरणच्या भट्टीवाल्याने तिचं स्पिरिट काढलं. आमच्या मालकांनी, नानाशेठनी, ते पेट्रोलमध्ये मिसळलं. झालं, मोटार पिऊ लागली!

* * *

पहिल्याच दिवशी अबकारीचा साहेब नाक वर करून गाडीत शिरला. "वास कुणाचा येतोय?" सगळ्यांच्या पिशव्या उपसल्या. शेवटी ड्रायव्हर हसनमियाँचं तोंड हुंगलं. हसनमियाँ पाच वेळा नमाज पढणारा माणूस. म्हणाला, "मी न्हाय पीत, साहेब. माजी मोटार पिते!"

* * *

पूर्वी गाडी चढाला दमली, तर ढकलायला कुणी उतरायचं नाही. आता धुराच्या नळीजवळची जागा पकडायला मारामारी! चढ संपला तरी मंडळी नळी सोडेनात. नानाशेठ ओरडायचे, "अरे, बसा आता आत!"

* * *

मग कळलं, परवान्याचा मोठा साहेब येणार. या इंधनावर गाडी चढ चढली तर ठीक, नाही तर सर्व्हिस बंद! कोळणींचे चेहरे उतरले. पुन्हा डोक्यावर मासळीच्या पाट्या घेऊन पनवेलपर्यंत चालायचं? माझी तर नोकरीच जाणार होती.

त्या सकाळी हिराबाय कोळीण आली आणि तिने अख्खी बाटली टाकीत ओतली. घरची, पाणी घालून वाढवलेली!

"होडी दर्यात लोटताना आमी मान देतो. मंग हिला नको का रं?"

नानाशेठ कपाळाला हात लावून बसले. तोवर साहेब पुढे हसनमियाँशेजारी बसलेसुद्धा!

चढाच्या पायथ्याशी इंजिन बंद पडलं. मी मागे बघतो, तर अख्खी गाडी रिकामी! उतारू, कोळणी, खुद्द नानाशेठ, सगळे तोंडातून चकार शब्द न काढता ढकलत होते. हिराबाय पदर खोचून सगळ्यांत पुढे. मीही उडी मारली. हसनमियाँ गंभीर चेहऱ्याने चाक फिरवत होता.

माथ्यावर साहेब उतरले. बॉनेटवर थाप मारून म्हणाले,

"परवाना पक्का! पेट्रोलच्या मोटारीपेक्षा आवाज किती कमी!"