ब्लिया हेर बाजारात बसते

वर्षअखेरीस सरकारी मदत बंद होणार हे कळलं, त्या दिवसापासून ब्लिया हेर रोज रात्री उरलेला तांदूळ मापून बघू लागली. लढाईतून पळालेल्या तिच्या लोकांना थायलंडच्या निर्वासित छावणीतून विमानानं उचलून फ्रेंच गयानाच्या या जंगलात, काकाओला, आणून सोडलं त्याला तीन वर्षं होत आली होती. सगळ्यांनी मिळून जंगल तोडलं, उतारावर भात पेरला. पण इथली तांबडी माती पहिल्याच पावसात वाहून गेली, आणि शेत सगळ्यांचं म्हणून निंदणी कुणाचीच नाही, अशी गत झाली.

काययेन शहरातून आलेल्या साहेबानं गावापुढं तीन वाटा ठेवल्या. भातच पेरत राहायचं, फ्रान्सला जाऊन कारखान्यात लागायचं, नाहीतर जमीन घरटी वाटून घेऊन भाजीपाला शहरात विकायचा. ब्लियाचा नवरा न्हिया तोंग याचा भाऊ फ्रान्सला होता. तो पत्रावर पत्रं धाडत होता, तिकडं जायचे कागदही त्यानं पाठवले होते, आणि नवऱ्याचं मन तिकडं ओढत होतं. ब्लियाला धास्ती वेगळीच होती. लढाईत गोळी लागल्यापासून न्हिया तोंगचा उजवा पाय आखडला होता. यंत्रापाशी दिवसभर कोण उभं करणार त्याला? पण हे त्याच्या तोंडावर बोलायचं कसं?

बैठकीत गावाचे मुखिया चोंग सू म्हणाले, "आपण आलो तेव्हा याच शहरवाल्यांनी आपल्याविरुद्ध मोर्चे काढले. ते आपल्या हातची भाजी खातील होय?"

बायकांनी बैठकीत तोंड उघडायची रीत नव्हती. तरी मागं बसलेली ब्लिया म्हणाली, "काका, एकदा बसून बघते मी."

मुखिया म्हणाले, "बस. पण गावाचं हसं करून येऊ नकोस."

शनिवारी पहाटे गावच्या एकमेव ट्रकमध्ये परसातल्या चवळीच्या हातभर लांब शेंगा, काकड्या आणि मोहरीचा पाला घालून ती निघाली. फ्रेंच येत होती ती विसापर्यंतच्या आकड्यांपुरती. बाजारात तिनं केळी विकणाऱ्या युदोक्सी नावाच्या धिप्पाड बाईशेजारी फडकं अंथरलं. लोक येत, शेंगांकडं बघत आणि पुढं जात. ऊन चढलं तसा पाला मलूल पडू लागला, आणि रिकाम्या हातानं गावात ट्रकमधून उतरायचं कसं, या विचारानं ती पाल्यावर पाणी शिंपडत राहिली.

एका बाईनं शेंगांची जुडी उचलली, काहीतरी विचारलं, मग जुडी खाली टाकून हात झग्याला पुसला. भाषा कळली नाही, पण पुसलेला हात ब्लियाला बरोबर कळला. तिनं त्याच जुडीतली एक शेंग ओढली आणि त्या बाईच्या डोळ्यांदेखत कच्चीच खाल्ली. शेजारची युदोक्सी हे बघत होती. तिनं न विचारता एक शेंग मोडून चावली आणि मोठ्यानं काही बोलली, तसा आजूबाजूला हशा पिकला. ती काय बोलली ते ब्लियाला पुढं कितीतरी दिवसांनी कळलं: "विष असतं तर ही माझ्याआधी मेली असती."

दुपारपर्यंत पाला तेवढा उरला.

पण पुढच्या शनिवारी तिच्या मागोमाग सात बायका ट्रकमध्ये चढल्या, आणि सातही जणींच्या पाट्यांत लांब शेंगाच. गिऱ्हाइकं एकीकडून दुसरीकडं जात भाव पाडू लागली. अर्ध्या शेंगा परत आल्या. मुखियांची सून वाटेत म्हणाली, "वहिनी, तुमच्या मागं आलो आणि बुडालो." बाकीच्या तिच्याकडं पाठ करून बसल्या. ब्लियाला ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी ती स्वतःच मुखियांच्या दारात गेली. जमीन वाटा, पण पिकंही वाटा, एका घरानं दुसऱ्याचं पीक करायचं नाही, असं तिनं सांगितलं. बरीच वादावादी होऊन चिठ्ठ्या टाकल्या. ब्लियाच्या वाट्याला लेट्यूस आलं. शहरवाले ते विमानानं मागवत, आणि इथल्या पावसात ते कुजतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. एकदोघी तोंड फिरवून हसल्या.

न्हिया तोंग पाय ओढत जंगलात गेला, झावळ्या तोडून आणल्या आणि वाफ्यावर छप्पर घालायला बसला.

"भावाला दोन महिने थांब म्हणून कळवतो," मान वर न करता तो म्हणाला. "उभं राहून झेपणार नाही मला तिथं. तू बोलली नाहीस, पण मला कळतं."

ब्लिया त्याच्या शेजारी बसून झावळ्या बांधू लागली.

रोपं दोनदा कुजली. तिसऱ्यांदा धरली, आणि पहिले गड्डे युदोक्सीच्या शेजारी बसूनच विकले गेले. फ्रान्सला जायचे कागद मात्र पेटीतच राहिले. पाऊस सलग लागला की ब्लिया ते अजूनही काढून बघते, आणि परत ठेवते.